गंजातला चहा, छातीतलं हृदय

आमच्या ह्यांचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला, त्याच आठवड्यात घरात ग्रीन टीचे तीन डबे आले. एक जाऊबाईंनी पाठवला, एक शेजारच्या काकांनी दिला आणि एक ह्यांनी स्वतः आमच्या नागपूरच्या बर्डी बाजारातून आणला. एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, होतं १५८. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती, रोज चालायला आणि तळण कमी करायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. झालं ते डॉक्टरांनी न सांगितलेलंच: चहा बदलायचं ठरलं.

मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. डब्यावर छापलंय म्हणून खरं मानायची सवय नाही. म्हणून वाचलं, घरच्या वजनकाट्यावर मोजलं, दोन-तीन महिने करून पाहिलं. अंबाझरीला सकाळी चालणाऱ्या आमच्या बायकांच्या गटात हा विषय दर दोन दिवसांनी निघतो, तेव्हा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. माझं म्हणणं एवढंच आहे की हृदयाच्या कामाचं जे काही चहात आहे, ते आपल्या रोजच्या पत्तीतही आहे. डबा बदलण्याआधी गंजात, म्हणजे चहाच्या पातेल्यात, काय चाललंय ते बघा.

पहिलं काम: तीन दिवस मोजायचं, काहीही बदलायचं नाही

आपला रोजचा कप पाण्याने भरून मोजमापाच्या भांड्यात ओता. आमचा 'छोटा' कप १६० मिलिलिटरचा निघाला. मग साखर. चहाचा सपाट चमचा म्हणजे ४ ते ५ ग्रॅम साखर, पण सपाट चमचा घेतो कोण? शीग लावलेला चमचा मी काट्यावर ठेवला तर जवळपास ७ ग्रॅम. तीन दिवस दर कपाची नोंद करा: किती वाजता, किती साखर, किती दूध, सोबत काय खाल्लं. टपरीवरचा, ऑफिसातला, पाहुण्यांकडे 'नाही म्हणवत नाही' म्हणून घेतलेला, सगळे कप धरा.

ह्यांचे दिवसाला पाच कप निघाले. दोन-दोन चमच्यांनी साखर ६० ग्रॅमच्या वर गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. म्हणजे ह्यांचा दोन दिवसांचा कोटा दुपारच्या चहापर्यंत जवळपास उडालेला असायचा. असल्या चहात अँटिऑक्सिडंट शोधणं म्हणजे तर्रीत कॅल्शियम शोधण्यासारखं. असेलही, पण आपण त्यासाठी तर्री घेत नाही.

पत्तीत काय असतं, हे एकदा समजून घ्या

ग्रीन, ब्लॅक, आपली दाणेदार सीटीसी, सगळ्या चहाचं झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक आहे तो तोडल्यानंतर पानाचं काय करतात याचा. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसंच चहाच्या पानातही घडतं. पान चुरडलं की त्यातलं एन्झाइम हवेच्या ऑक्सिजनसोबत काम सुरू करतं आणि पानातल्या कॅटेचिन नावाच्या द्रव्यांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही नवी द्रव्यं बनतात. चहाचा तांबूस-काळा रंग यांचाच. पान तोडल्याबरोबर वाफेवर किंवा कढईत तापवलं तर ते एन्झाइम मरतं, कॅटेचिन तशीच राहतात आणि तो होतो ग्रीन टी. त्यातल्या ईजीसीजी नावाच्या कॅटेचिनचा सगळ्यात जास्त गवगवा आहे.

म्हणजे काळ्या चहातली द्रव्यं 'मेलेली' नसतात, फक्त रूप बदललेली असतात. आपली दाणेदार पत्ती ही १९३० च्या दशकात आसामात आलेल्या क्रश-टेअर-कर्ल, म्हणजेच सीटीसी, पद्धतीची. पान चिरडून, फाडून, गोळी करून वाळवलेलं. म्हणूनच ती दोन मिनिटांत कडक उतरते.

गवती चहाच्या नावात चहा असला तरी ते गवत आहे. तुळस, अद्रक, वेलची हीही छान, पण चहावरच्या अभ्यासाचे आकडे त्यांना लावू नका.

आता 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाबद्दल. रक्तातल्या एलडीएलचं ऑक्सिडेशन झालं की ते धमनीच्या भिंतीत रुतून बसतं आणि चहातली द्रव्यं ते रोखतात, अशी मूळ कल्पना. परीक्षानळीत ते दिसतंही. पण कॅटेचिन पोटातून रक्तात फार थोडी पोचतात. त्यामुळे धमनीच्या आतल्या अस्तरावर होणारा परिणाम जास्त पटण्यासारखा वाटतो. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने धमनी सैलावते, आणि चहा या कामाला थोडा हातभार लावतो. सोबत एलडीएलही थोडंसं उतरतं.

आकडे किती बोलतात

नेदरलँड्समधल्या झुटफेन गावी ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांवर झालेला अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. ज्यांच्या आहारात फ्लेवोनॉइड, म्हणजे कॅटेचिनच्या कुळातली द्रव्यं, जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू कमी. आणि ही फ्लेवोनॉइड मुख्यतः आली कुठून? ६१ टक्के चहातून, बाकी कांदा आणि सफरचंद वगैरेतून. मग जपानच्या ओसाकी भागातल्या ४०,५३० लोकांचा अभ्यास, २००६ चा. दिवसाला पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये, एका कपाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू बायकांमध्ये ३१ टक्के आणि पुरुषांमध्ये २२ टक्के कमी. २०२२ मध्ये ब्रिटनच्या जवळजवळ पाच लाख लोकांची माहिती तपासली गेली. ते बहुतेक काळा चहा पिणारे. दोन किंवा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी.

इथेच टाळ्या वाजवू नका. वेल्समधल्या केअरफिली गावच्या पुरुषांमध्ये १९९७ च्या अभ्यासात असा काहीही फायदा दिसला नाही. ते चहा दुधाचा पीत. शिवाय हे सगळे 'बघून नोंद केलेले' अभ्यास. रोज पाच कप ग्रीन टी पिणारा जपानी माणूस मासळीही खातो, चालतोही. फायद्याचं श्रेय कोणाला द्यायचं? माणसांना मुद्दाम चहा देऊन केलेल्या ११ चाचण्यांचा, म्हणजे ८२१ लोकांचा, एकत्र आढावा २०१३ मध्ये निघाला. त्यात एलडीएल थोडं उतरलं, बीपी दोन-तीन अंकांनी उतरलं, आणि आढावा घेणाऱ्यांनीच सांगितलं की चाचण्या कमी आहेत, जपून बोला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर २००६ मध्येच 'ग्रीन टीने हृदयविकाराचा धोका कमी होतो' असं डब्यावर छापायची परवानगी नाकारली.

तेव्हा चहा गोळीच्या जागी येत नाही. पण पाच कप आपण तसेही पितोच, तर ते नीट प्यायला काय हरकत आहे?

पत्ती निवडताना

इतवारीत सुटी पत्ती घेत असाल तर पाव किलोच घ्या. वर्षभराची साठवण चहाला मानवत नाही. घरी आल्यावर टिपकागदावर थोडी पत्ती पसरा, पाण्याचे थेंब शिंपडा, थोड्या वेळाने पत्ती झटकून कागद नळाखाली धरा आणि उजेडात बघा. शुद्ध पत्तीचा डाग राहत नाही, रंग घातलेला असेल तर राहतो. पत्तीवरून लोहचुंबक फिरवा, लोखंडाचा कीस असेल तर चिकटतो.

दुधाचा चहा करायचा तर सीटीसी. कोरा चहा प्यायचा तर ऑर्थोडॉक्स, म्हणजे लांब पानाची पत्ती घ्या. थोडी महाग पडते, पण कोऱ्यात सीटीसी कडवट लागते आणि लोक दोन दिवसांत सोडून देतात. ग्रीन टी आवडत असेल तर जरूर घ्या. आवडत नसेल तर नाक दाबून पिऊ नका. डबा घट्ट झाकणाचा, गॅसपासून दूर, अंधाऱ्या फळीवर. पावसाळ्यात ओला चमचा घातलात की पत्ती गेली.

मांडायचा कसा

आपल्याकडे चहा 'मांडतात'. गंजात पाणी, साखर, पत्ती, अद्रक सगळं एकदम आणि मग दूध घालून तीन उकळ्या. चवीला तोड नाही, हे मीही मान्य करते. पण कोऱ्या चहाला ही रीत चालत नाही.

पाणी नळाचं, म्हणजे पेंच धरणाचं असेल तर काही बघायला नको. बोअरचं असेल तर कोऱ्या चहावर तवंग येतो, कपाला तपकिरी कडा धरतात. जड पाण्यातलं कॅल्शियम चहातल्या पॉलीफिनॉलला, म्हणजे कॅटेचिनसारख्या द्रव्यांना, धरून बसतं म्हणून हे होतं. अशा घरांनी चहापुरतं फिल्टरचं पाणी घ्यावं.

एका कपाला २ ग्रॅम पत्ती. लांब पानाची चमचाभर, सीटीसी घेतलीत तर अर्धा चमचा. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद, मग पत्ती टाका, झाकण ठेवा, तीन ते चार मिनिटं थांबा, गाळा. पत्तीवर गॅस चालू ठेवायचा नाही, सगळा कडवटपणा तिथूनच येतो. ग्रीन टीला उकळतं पाणी चालत नाही, ७५ ते ८० अंश लागतं. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, चार-पाच मिनिटं थांबा, मग पत्तीवर घाला आणि दोन-तीन मिनिटांत गाळा. 'ग्रीन टी म्हणजे चिरायता' म्हणणारे बहुतेक जण ती उकळतात.

गाळल्यावर चार-पाच थेंब लिंबू. रंग लगेच फिकट होतो, घाबरू नका, आंबटपणामुळे होतं ते. लिंबाचं कारण नुसतं चवीचं नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात पोट आणि आतड्यांची नक्कल करून ग्रीन टी तपासला. नुसत्या चहातली कॅटेचिन पचनाच्या शेवटी २० टक्क्यांहूनही कमी उरली, लिंबाचा रस घातल्यावर ८० टक्के उरली. प्रयोग काचेच्या भांड्यातला आहे, माणसाच्या पोटातला नाही, तरी लिंबू महाग नाही. त्या प्रयोगात संत्र्याचा रसही होता आणि तोही उपयोगी पडला. नागपूरकराला आणखी काय हवं! आंबिया बहाराची संत्री आली की कोमट कोऱ्या चहात दोन चमचे रस घालून बघा. दुधाच्या चहात मात्र नको, फाटेल.

उन्हाळ्यात, पारा ४५ ला टेकल्यावर, गरम चहा कोणाला सुचतो? (सुचतो. टपऱ्या मे महिन्यातही ओस पडत नाहीत.) लिटरभर माठाच्या पाण्यात चार-पाच चमचे लांब पत्ती घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा, लिंबू पिळा. कडवटपणा जवळजवळ नाही. दिवसभरात संपवा.

गरम चहा भुर्रकन ओढायची सवय असेल तर ती सोडा. ६५ अंशांच्या वरची अतिगरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा घातक आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं. बशीत ओतून पिणारे आपले आजोबा शहाणेच होते म्हणायचे.

दुधाचं काय?

यावर आमच्या घरात खरी भांडणं झाली. बर्लिनमध्ये २००७ साली १६ बायकांवर प्रयोग झाला. काळ्या चहाने हाताची धमनी चांगली सैलावली, त्यात थोडं दूध घातलं की तो परिणाम पुसला गेला. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅटेचिनला धरून ठेवतं, असा खुलासा. पण दूध घातल्याने रक्तात पोचणारी कॅटेचिन कमी होत नाहीत, असं दाखवणारे प्रयोगही आहेत, आणि ब्रिटनच्या त्या पाच लाखांत दूध घालणाऱ्यांनाही फायदा दिसला. फक्त त्यांचं दूध म्हणजे कपात वरून सोडलेली धार, आपलं म्हणजे अर्धं पाणी-अर्धं दूध.

मी मधला रस्ता काढला. सकाळचा पहिला चहा दुधाचा, अद्रक घालून, जसा असतो तसा. तो काढून घेतला असता तर ह्यांनी बाकी काहीच ऐकलं नसतं. दुपारचे दोन कोरे. दूध फुल क्रीमवरून टोन्डवर आणलं, म्हणजे फॅट ६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. पाचाचे झाले तीन कप.

सासूबाईंना ते पटलं नाही. "कोरा चहा म्हणजे मयतीघरचा," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरासमोर तो कप ठेवू नको." मग मी तो काचेच्या ग्लासात, लिंबाची चकती घालून द्यायला लागले. आता त्याही मागतात.

साखर एकदम तोडू नका

आठवड्याला पाव चमचा कमी करा. एवढा फरक जिभेला कळत नाही. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला दीड महिना लागतो. एकदम बंद केली की माणूस चार दिवसांनी चोरून अडीच चमचे घालतो, हा घरचा अनुभव. गुळाचा चहा घेतला की सुटलो असं समजू नका. गूळ हीसुद्धा साखरच, हिशोबात धरा.

टपरीवर पंचाईत होते, कारण तिथे साखर आधीच गंजात पडलेली असते. आमच्या चौकातल्या टपरीवर मी म्हटलं, "भाऊ, एक कोरा, बिना साखरेचा." त्याने वर पाहिलं. "काकू, तब्येत बरी नाही का?" आता तो न सांगता वेगळा करतो. लिंबू चहा घ्याल तर काळं मीठ घालू नको म्हणून सांगा, बीपीवाल्यांनी तर नक्कीच. आणि कागदी कपापेक्षा काचेचा ग्लास मागा. आयआयटी खरगपूरने २०२० मध्ये दाखवलं की कागदी कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं राहिलं तर आतल्या प्लास्टिकच्या थराचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात.

सोबत काय खाता ते माझ्या मते चहाइतकंच मोठं प्रकरण आहे. खारी आणि टोस्टमध्ये मैदा, वनस्पती तूप, मीठ. तर्री-पोहे मी रविवारपुरते ठेवलेत, तेही तर्री वरून बेतानं. एरवी मूठभर फुटाणे.

कधी प्यायचा, कोणी जपायचं

जेवणासोबत किंवा जेवल्याबरोबर चहा नको. डाळी-भाज्यांतलं लोह चहा अडवून धरतो. तासभर अंतर ठेवा. हे बायकांनी जास्त मनावर घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. लोहाची गोळी चहाने कधीच घेऊ नका. थायरॉइडची गोळीही साध्या पाण्याने, आणि चहा त्यानंतर तासाभराने.

कॅफीनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा कप पाचच्या आत. घरी बीपी मोजायचं असेल तर आधीचा अर्धा तास चहा नको, नाहीतर आकडा उगाच वर दिसतो. गरोदर बाईने दिवसभराचं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ५० असतं, कॉफी वेगळी.

वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ग्रीन टी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, तिच्यातल्या व्हिटॅमिन केमुळे गोळीचा हिशोब बिघडू शकतो. नॅडोलॉल या बीपीच्या गोळीचं शोषण ग्रीन टीने कमी होतं, हेही दिसलेलं आहे. छातीत धडधड होणाऱ्यांनीही आधी विचारावं.

ग्रीन टीच्या कॅप्सूल मात्र साफ टाळा. कपातल्या चहाची गोष्ट वेगळी, पण दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून गेलं तर यकृताला त्रास झाल्याची चिन्हं दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं.

आणखी एक. छातीत दाब आला, घाम फुटला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, तर 'गॅस असेल, अद्रकाचा चहा करून देते' असं म्हणत गंज चढवू नका. १०८ ला फोन लावा. आमच्या नात्यात एकदा तो चहा उकळेपर्यंत वीस मिनिटं गेली होती.

तीन महिन्यांनी

सुरुवातीचा लिपिड प्रोफाइल जपून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा करा. शक्यतो त्याच लॅबमध्ये. गोळी तोवर एकही दिवस चुकवू नका.

ह्यांचं एलडीएल १५८ वरून ९६ वर आलं. ह्यांनी रिपोर्ट घेऊन अख्ख्या गल्लीत सांगितलं की कोऱ्या चहाने कोलेस्टेरॉल उतरवलं. गोळी रोजची, अंबाझरीच्या फेऱ्या रोजच्या, खारी बंद, साखर पावपट, आणि श्रेय चहाला! एका प्रयोगात एका वेळी पाच गोष्टी बदलणाऱ्या विद्यार्थ्याला मी दहापैकी तीन दिले असते. ग्रीन टीचे दोन डबे अजून फळीवर आहेत. तिसरा सासूबाईंनी फोडला, संत्र्याच्या रसासाठी.